जुना कॅमेरा आणि नवे कार्ड



या सदरात मी सहसा नामनिर्देशन, मुदत ठेवी, लॉकरची किल्ली आणि घरातील कर्ता माणूस गेल्यावर वारसांची होणारी धावपळ अशा विषयांवर लिहितो. ३६ वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला दुसरे विषय सुचणार तरी कोठून, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. या महिन्याचा विषय प्रथमदर्शनी निराळा वाटेल. परंतु एका परीने तोही लॉकरचाच आहे. लॉकर शाबूत, आतील ठेव शाबूत, केवळ किल्ली जुळत नाही, असा तो प्रसंग.

दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत आमच्या नातीला कपाटाच्या वरच्या खणात माझा जुना डिजिटल कॅमेरा सापडला. रजा प्रवास सवलत घेऊन आम्ही २००५ साली दक्षिण भारताच्या प्रवासास निघालो, त्या आधी तो घेतलेला. चंदेरी रंगाचा, पाच मेगापिक्सेलचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. मोबाइल हाती आल्यापासून त्याची आठवणही कोणाला उरली नव्हती. नातीला मात्र तो पाहून अवर्णनीय आनंद झाला. हल्लीच्या मुलांना मोबाइलचे अतिस्वच्छ फोटो बेचव वाटू लागले आहेत. जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा कडक उजेड, किंचित धूसर रंग, हात हलल्याची खूण, हे सारे त्यांना हवे असते. आम्ही ज्या दोषांसाठी फोटो फाडून टाकत असू, त्याच दोषांवर ही पिढी भाळली आहे. असो.

मैत्रिणींसह उत्तनच्या किनाऱ्यावर जाण्याचा तिचा बेत होता. कॅमेऱ्यातील मूळ कार्ड कोठे गेले कोण जाणे, म्हणून तिने भाईंदर पश्चिमेस स्थानकाजवळच्या एका दुकानातून ६४ गिगाबाइटचे नवे कोरे कार्ड आणले. ते खाचेत अचूक बसले, झाकण लागले, कॅमेऱ्याने डोळा उघडला आणि पडद्यावर दोनच शब्द उमटले : कार्ड एरर. ती पुन्हा दुकानात गेली. दुकानदाराने कॅमेरा हातात उलटसुलट फिरवला आणि निर्णय दिला, ‘कॅमेरा गेला आहे, भंगारात द्या.’

बँकेत धनादेश परत करताना सोबत कारण लिहून द्यावे लागते. ‘परत’ एवढेच लिहून चालत नाही. या गृहस्थांनी कारण न लिहिताच माझा कॅमेरा परत केला, हे मला रुचले नाही. ‘आजोबा, जाऊ द्या,’ असे नात म्हणत होती, तरी मी जुन्या कागदपत्रांची थैली काढली. वस्तूबरोबर आलेले प्रत्येक पुस्तक जपून ठेवण्याच्या माझ्या सवयीची घरात नेहमी थट्टा होते. कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका त्या थैलीत होती. तिच्या मागील पानांवर बारीक अक्षरांत स्पष्ट छापले होते की, या कॅमेऱ्यासाठी एक गिगाबाइटपर्यंतची एसडी कार्डे तपासून पाहिलेली आहेत. कॅमेरा निरोगी होता. कार्डही निरोगी होते. दोघांची भाषा तेवढी निराळी होती.

ही भाषा कशी बदलली, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण पुढील सर्व घोळ तेथूनच निघतो.

एसडी हे कार्ड १९९९ साली सॅनडिस्क, मात्सुशिता म्हणजे पॅनासॉनिक आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून पुढे आणले आणि २००० साली त्याच्या मानकांची देखभाल करणारी संस्था स्थापन झाली. त्या पहिल्या मानकानुसार कार्डाची कमाल क्षमता दोन गिगाबाइट. फोटो मोठे होऊ लागले तशी ही मर्यादा अपुरी पडली. म्हणून २००६ साली एसडीएचसी आले, ते ३२ गिगाबाइटपर्यंत. २००९ साली एसडीएक्ससी आले, ते दोन टेराबाइटपर्यंत. बाहेरून तिन्ही एकाच मापाची, एकाच रूपाची. तीच तुटक्या कोपऱ्याची आकृती, तेच सोनेरी पट्टे, कडेला तेच छोटे कुलूप. घोटाळा होतो तो या बाह्यसाम्यामुळे. खाचेत शिरले नसते तर नातीने दुकानातच परत केले असते.

धनादेशांच्या बाबतीत आपण हे अनुभवले आहे. सीटीएस-२०१० हे मानक आले तेव्हा घरोघरी जुनी धनादेश-पुस्तके पडून होती. त्यांवरही खाते क्रमांक होता, स्वाक्षरी खरी होती, खात्यात पैसे होते. तरी कालांतराने समाशोधनात ती स्वीकारणे बंद झाले. तेथे नव्या यंत्रणेला जुना कागद चालेना. कार्डांचे नेमके उलट आहे. नवे यंत्र जुने कार्ड आनंदाने वाचते, जुने यंत्र नवे कार्ड वाचू शकत नाही. २००५ सालचे कार्ड आजच्या लॅपटॉपमध्ये उघडेल, आजचे कार्ड २००५ सालच्या कॅमेऱ्यात उघडणार नाही. ही वाट एकाच दिशेने जाते, एवढे ध्यानात राहिले तरी निम्मी दुकानवारी वाचेल.

आता ‘का’ हा प्रश्न. जुन्या एसडी कार्डात प्रत्येक बाइटला, म्हणजे माहितीच्या सर्वांत लहान नाण्याला, स्वतंत्र क्रमांक असे. क्रमांकासाठी जागा ३२ घरांची आणि प्रत्येक घरात शून्य किंवा एक. असे क्रमांक होतात ४२९ कोटींहून थोडे अधिक, म्हणजे चार गिगाबाइट. त्यापुढे क्रमांकच संपतात. एसडीएचसीने युक्ती केली. क्रमांकाची घरे तेवढीच ठेवली, पण क्रमांक एकेका बाइटला न देता ५१२ बाइटांच्या गठ्ठ्याला दिला. आमच्या रोखपालाच्या शब्दांत सांगायचे तर पूर्वी एकेक नोट मोजत असत, आता बांधलेली पुडकी मोजू लागले. जुना कॅमेरा मागतो ‘५१२० क्रमांकाची नोट’ आणि नवे कार्ड समजते ‘५१२० क्रमांकाचे पुडके’. हा व्यवहार सुरू झाला असता तर कार्डावर अनर्थ ओढवला असता.

तसा तो होऊ नये म्हणून मानक ठरविणाऱ्यांनी आरंभीच एक पहारेकरी बसवला. कॅमेरा सुरू होताना कार्डाशी ओळख करून घेतो. त्या वेळी ‘मला मोठ्या क्षमतेची पद्धत ठाऊक आहे’ असे कॅमेऱ्याने सांगावे लागते. २००५ सालच्या कॅमेऱ्याला ते वाक्यच माहीत नाही. मग नवे कार्ड ‘मी तयार आहे’ असे कधी म्हणतच नाही. कॅमेरा काही क्षण वाट पाहतो आणि ‘कार्ड एरर’ लिहून मोकळा होतो. यात कोणाचीही चूक नाही, कोणाचे नुकसानही नाही.

आमच्या इमारतीतील एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने सुचवले की, मोठ्या कार्डावर संगणकातून दोन गिगाबाइटचा छोटा कप्पा पाडावा, म्हणजे कॅमेरा फसेल. कॅमेरा फसत नाही. कप्पा पाडल्याने कार्डाची जात बदलत नाही, मोजण्याची रीत पुडक्यांचीच राहते. मात्र २००७-०८ नंतरचा, एसडीएचसी जाणणारा कॅमेरा असेल तर गोष्ट वेगळी. एसडीएचसी आणि एसडीएक्ससी यांची मोजण्याची रीत एकच आहे, फरक आहे तो आतल्या खतावणीच्या पद्धतीचा. त्यामुळे ६४ गिगाबाइटचे कार्ड ‘फॅट ३२’ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट करून घेतल्यास अशा कॅमेऱ्यात पुष्कळदा चालते. ‘पुष्कळदा’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. हमी हवी असेल त्याने ३२ गिगाबाइटच्या पुढे जाऊ नये.

तर आता दोन गिगाबाइट किंवा त्याहून लहान कार्ड मिळवणे आले. दुकानात विचारले की दुकानदार असा चेहरा करतो, जणू आपण त्याच्याकडे पावशेर वजनाचे माप मागितले. फोर्टातील बोरा बाजारात जाण्याची मी तयारीही केली होती. कॅमेऱ्याचे सामान तेथे आजही विकले जाते आणि चर्चगेट लोकलची माझी सवय अद्याप पुरती सुटलेली नाही. पण उत्तर घरातच निघाले. सौभाग्यवतींच्या बटणांच्या जुन्या मोबाइलमध्ये नखाएवढे एक गिगाबाइटचे मायक्रोएसडी कार्ड होते आणि त्याच्या सोबत आलेले एसडीच्या मापाचे प्लास्टिकचे घरही ड्रॉवरमध्ये होते. ते घर केवळ तारा जोडून देते, स्वतः काही करीत नाही. त्यामुळे आतील छोटे कार्ड जुन्या जातीचे असेल तर कॅमेरा ते आपले म्हणून स्वीकारतो. त्यातील भजने आणि आमच्या वास्तुशांतीची दोन चित्रे आधी संगणकावर उतरवून घेतली, मग ते कार्ड कॅमेऱ्यात बसवले आणि फॉरमॅट कॅमेऱ्यातच केले. डोळा उघडला. पडद्यावर शिल्लक आकडा आला : सुमारे ४५०. नात म्हणाली, ‘फक्त एवढेच?’ मी तिला सांगितले की, तुझ्या वडिलांचे बालपण आम्ही ३६ चित्रांच्या रिळांत बसवले आहे.

येथे एक लहानशी सूचना. दोन गिगाबाइटची काही कार्डे आपल्या आकारमानाची नोंद किंचित वेगळ्या प्रकारे देतात आणि ती अगदी जुन्या कॅमेऱ्यांना अर्धीच दिसतात किंवा दिसतच नाहीत. म्हणून शक्य तेथे एक गिगाबाइट किंवा त्याहून लहान कार्ड वापरावे. कार्डावर छापलेल्या वेगाच्या मोठमोठ्या आकड्यांकडे लक्ष देण्याचे कारण नाही, जुना कॅमेरा त्याच्या चालीनेच चालणार. आणि पदपथावर अतिस्वस्तात मिळणारी कार्डे घेऊ नयेत. वर ६४ लिहिलेले आणि आत प्रत्यक्षात आठ असलेले कार्ड म्हणजे खोटी नोटच. फरक एवढाच की, खोटी नोट मोजताना पकडता येते, खोटे कार्ड मात्र भरून ओसंडू लागल्यावर, जुन्या फोटोंवर नवे फोटो लिहून, मग आपले स्वरूप प्रकट करते.

एवढ्यावर हा लेख संपला असता आणि वाचकांनी तो वाचून पान उलटलेही असते. परंतु नातीच्या कॅमेऱ्याची वार्ता इमारतीत पसरली आणि तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरील शेठ माझ्याकडे आले. भाईंदर पूर्वेस त्यांचा स्टीलच्या भांड्यांचा गाळा आहे. हातात साखरेच्या डब्याएवढी पत्र्याची डबी. त्यात एक कॅमेरा, एक वायर आणि दोन इवलीशी कार्डे, टपालाच्या तिकिटाएवढी.

‘साहेब, तुम्ही बँकेत होता ना? हा लॉकर उघडून द्या.’

त्यांचे वडील २००८ च्या उन्हाळ्यात गेले. घरात त्यांचा जो एकमेव मोठा फोटो आहे, तो पारपत्रासाठी काढलेल्या छोट्या चित्रावरून वाढवलेला. दरवर्षी पुण्यतिथीला त्याच फोटोला हार चढतो. शेठ म्हणाले, ‘बापूजी त्या फोटोत असे दिसतात जसे जकात नाक्यावर उभे आहेत. हसायचे ते, साहेब. चोपडापूजनाच्या वेळी तर फारच.’ दिवाळीतील चोपडापूजनाचे फोटो या कार्डांत होते, एवढे त्यांना पक्के आठवत होते. कॅमेरा २००६ च्या धनत्रयोदशीला घेतलेला. कधीतरी छापून घेऊ असे म्हणता म्हणता वर्षे लोटली, कॅमेऱ्याची बॅटरी मेली, घर बदलले, डबी माळ्यावर गेली. मधल्या काळात त्यांनी एका दुकानात कार्ड नेले. दुकानदाराने आपल्या जवळच्या कुठल्याशा यंत्रात ते घातले तेव्हा संगणकाने विचारले की, हे वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावे लागेल, करू का? दुकानदाराचे बोट ‘होय’ वर जाणार तोच शेठने त्याचा हात धरला. इंग्रजी त्यांना फारसे येत नाही. पण न समजलेल्या कागदावर सही करायची नाही, हा बापूजींचा धडा त्यांना येत होता.

ही कार्डे एसडी नव्हती. त्यांचे नाव एक्सडी-पिक्चर कार्ड. ऑलिंपस आणि फुजीफिल्म या दोन कंपन्यांनी २००२ साली ती आणली. त्या काळी प्रत्येक घराणे आपापली किल्ली घडवीत होते. सोनीची मेमरी स्टिक १९९८ ची, सॅनडिस्कचे कॉम्पॅक्टफ्लॅश १९९४ चे, तोशिबाचे स्मार्टमीडिया १९९५ चे. ग्राहकाने एकदा एका घराण्याचा कॅमेरा घेतला की कार्डही त्याच घराण्याचे, त्याच घराण्याच्या भावाने. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हे धोरण नवे नाही. पण बाजाराने अखेर कौल दिला तो अनेकांनी मिळून चालवलेल्या मानकाला. सोनीने २०१० मध्ये आपल्या कॅमेऱ्यांत एसडीला जागा दिली आणि ऑलिंपस व फुजीफिल्म यांनीही एक्सडी सोडून एसडीची वाट धरली. एक्सडी कार्ड दोन गिगाबाइटच्या पुढे बाजारात आलेच नाही. आजच्या लॅपटॉपमध्ये त्याची खाच नसते.

शिवाय या कार्डांची आपसांतही जुळणी नव्हती. पहिल्या प्रकारानंतर ‘एम’ आणि ‘एच’ असे प्रकार आले आणि सुरुवातीच्या काही कॅमेऱ्यांना व वाचक-यंत्रांना ते वाचता येईनात. एक्सडी कार्डात कारभार पाहणारा स्वतःचा मुनीम नसतो. कोणती नोंद कोठे ठेवायची, हे सारे कॅमेऱ्यानेच पाहायचे. दुकानदाराच्या यंत्राने ‘फॉरमॅट करू का’ असे विचारले, त्याचा अर्थ ‘कार्ड रिकामे आहे’ असा नव्हता. ‘मला हे वाचता येत नाही’ एवढाच होता. संगणक आपले अज्ञान मान्य करीत नाही. तो समोरची वहीच कोरी करण्याची परवानगी मागतो.

म्हणून मी ठरवले की, ज्या कॅमेऱ्याने हे लिहिले त्याच्याकडूनच ते वाचून घ्यावे. डबीत मूळ वायर होती, हे मोठे सुदैव, कारण तिचे कॅमेऱ्याकडील टोक त्या कंपनीच्या खास आकाराचे होते. बॅटरीचा चार्जर मात्र नव्हता. तो दोन दिवसांनी शेठच्या धाकट्या बंधूंच्या मीरा रोडच्या घरी, लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटींच्या खोक्यात सापडला. बॅटरी रात्रभर लावून ठेवली. फुगलेली नाही, हे आधी नीट पाहून घेतले. फुगलेली बॅटरी कधीही चार्ज करू नये. सकाळी कॅमेरा सुरू झाला आणि दहा मिनिटांत मिटला. पुन्हा दोन तास चार्ज, पुन्हा दहा मिनिटे. अशा चार हप्त्यांत आम्ही पहिल्या कार्डावरील सर्व चित्रे संगणकावर उतरवली. कर्जाची वसुली मी पुष्कळ केली आहे, पण इतक्या आतुरतेने कोणत्या हप्त्याची वाट पाहिल्याचे स्मरत नाही.

चोपडापूजनाची अकरा चित्रे निघाली. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, समोर लाल बासनाच्या चोपड्या, हातात बोरू. एका चित्रात बापूजी खरोखरच हसत होते, बहुधा फ्लॅशला दचकून. शेठ खुर्चीतून उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मी संगणकात डोके घालून बसलो.

मग वाद उपस्थित झाला तो वर्षाचा. कॅमेऱ्यात तारीख-वेळ कोणी लावलीच नव्हती, त्यामुळे प्रत्येक चित्रावर कारखान्यातून आलेली खोटी तारीख होती. शेठ म्हणत, ही बापूजींची शेवटची दिवाळी, म्हणजे २००७ ची. बंधू म्हणत, नाही, आदल्या वर्षीची. मी चित्र मोठे करून चोपडीचे पहिले पान पाहिले. ‘श्री’कारांच्या मनोऱ्याखाली बापूजींच्या वळणदार अक्षरांत लिहिले होते : विक्रम संवत २०६३, वीर संवत २५३३. म्हणजे दिवाळी २००६ ची. कॅमेऱ्याची तारीख खोटी ठरली, चोपडीची खरी.

शेवटच्या दिवाळीचे फोटो दुसऱ्या कार्डात असले पाहिजेत, हे उघड झाले. ते कार्ड कॅमेऱ्यात घातले तेव्हा निघाली माथेरानची सहल. पुतण्याने २००९ साली ते कार्ड आपल्या मित्राच्या, दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यात घातले होते. त्या कॅमेऱ्याला ते ओळखता आले नाही, त्याने फॉरमॅटची परवानगी मागितली आणि पोराने ती दिली. आज तो मुलगा तिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप आहे. त्याला ते आठवतही नव्हते. त्याचा चेहरा पाहून शेठच म्हणाले, ‘जाऊ दे रे. तेव्हा तुला कोणी सांगितले होते का?’

फॉरमॅट केल्याने चित्रे तत्काळ नष्ट होतातच असे नाही. बहुधा खतावणीची अनुक्रमणिका कोरी होते, पाने जागच्या जागी असतात. त्याच क्षणी कार्ड बाजूला काढले तर फोटोरेकसारख्या मोफत मिळणाऱ्या प्रणालीने बरेच काही परत मिळते. परंतु त्यावर नवे फोटो काढले की जुनी पाने खरोखर पुसली जातात. येथे माथेरानचे दीडशे फोटो वर बसलेले. तरीही माझ्या जुन्या, अनेक खाचांच्या कार्ड रीडरमधून प्रयत्न केला. माथेरानच्या खालून जुनी अशी एकच फाइल निघाली, तीही अर्धी. वरचा भाग स्पष्ट : भिंतीवरचे दिनदर्शिकेचे पान, बापूजींची टोपी, कपाळ, डोळे. त्याखाली सरळ रेघ ओढावी तसा राखाडी पट्टा.

तो अर्धा फोटोही शेठने छापून घेतला.

या प्रकरणानंतर इमारतीतील चार-पाच घरांतून डब्या खाली आल्या. त्या पाहताना जे अनुभवास आले, ते वाचकांच्या उपयोगी पडावे. कार्ड कोणतेही असो, ते हाती घेतल्यावर प्रथम त्याच्या कडेचे छोटे कुलूप खाली सरकवावे. एसडी कार्डांना ते असते. मग सहसा कोणतेही यंत्र त्यावर काही लिहीत नाही. ते कुलूप तुटले असेल तर कॅमेरा कार्ड बंदच समजतो, अशा वेळी त्या खाचेवर सेलोटेपचा लहान तुकडा लावला की काम भागते. संगणकात ‘डीसीआयएम’ नावाचा कप्पा दिसला की सर्व चित्रे त्यातच असतात. ही पद्धत १९९८ मध्ये ठरली आणि अजून पाळली जाते. सर्व कंपन्यांनी एकमताने मान्य केलेली एखादी तरी गोष्ट असावी, याचे समाधान वाटते. पूर्ण कप्पा उतरवून घ्यावा, एकेक फोटो निवडत बसू नये. आणि फॉरमॅटचा प्रश्न आला की उत्तर ‘नाही’ द्यावे, कार्ड बाहेर काढावे आणि दुसऱ्या यंत्राचा शोध घ्यावा. यंत्राला कार्ड वाचता येत नाही, यावरून कार्डात काही नाही असा निष्कर्ष काढू नये. खातेदार शाखेत आला आणि लेखनिकाला त्याचे खाते सापडले नाही, तर आपण खाते बंद करीत नाही.

आणखी एक. पुष्कळांचा समज असा की, कार्ड म्हणजे कागद नव्हे, वाळवी नाही, बुरशी नाही, तेव्हा ते माळ्यावर शंभर वर्षे राहील. ते खरे नाही. कार्डातील माहिती म्हणजे अतिसूक्ष्म कप्प्यांत कोंडून ठेवलेला विद्युतभार. तो वर्षानुवर्षे अगदी मंद गतीने झिरपत असतो आणि उष्णतेने ही गळती वाढते. आमच्या भाईंदरच्या शेवटच्या मजल्यावर, गच्चीच्या स्लॅबखालच्या माळ्यावर मे महिन्यात काय तापमान असते ते सांगायला नको. त्यातून खाडीची दमट, खारी हवा. वर्षांपूर्वी कॅमेऱ्यातच विसरलेले पेन्सिल सेल फुटून आतील पट्ट्या हिरव्या झालेल्या मी तीन कॅमेऱ्यांत पाहिल्या. सेल काढून ठेवावेत, कार्ड खाली आणावे आणि जमल्यास याच सुटीत उतरवून घ्यावे. उतरवलेल्याच्या दोन प्रती असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या घरात. निवडक वीस-पंचवीस चित्रे कागदावर छापून घ्यावीत, पाठीमागे नावे व साल लिहून. कागदाला कोणतीही खाच जुळावी लागत नाही.

नात उत्तनहून परतली. तिने काढलेल्या ८० चित्रांपैकी निम्म्यांत कोणाचे ना कोणाचे डोळे मिटलेले आहेत आणि तीच सर्वांना आवडली आहेत. निघण्यापूर्वी मी तिला कॅमेऱ्यात तारीख-वेळ लावायला लावली, त्यावर ती हसली होती. सेल बदलले की ती पुन्हा लावावी लागते, हे तिला अद्याप सांगायचे आहे.

आता माझे स्वतःचे एक गाऱ्हाणे. डब्या तपासताना माझ्याच ड्रॉवरमध्ये ३२ मेगाबाइटचे एक स्मार्टमीडिया कार्ड सापडले, बिस्किटासारखे पातळ आणि काळे. माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांनी २००१ साली आमच्याकडे मुक्कामी असताना ते येथे विसरले होते. त्यांचा कॅमेरा केव्हाच गेला आणि आता तेही नाहीत. माझ्या जुन्या रीडरच्या अनेक खाचांत नेमकी हीच खाच नाही. बहिणीला मी अजून काही बोललो नाही, उगाच आशा लावायला नको म्हणून. वाचकांपैकी कोणाकडे स्मार्टमीडिया वाचणारे चालू स्थितीतील यंत्र किंवा त्या काळचा कॅमेरा असल्यास, या मासिकाच्या कार्यालयात कळवावे. मी स्वतः कार्ड घेऊन येईन, आणि माझ्या देखत वाचून झाले की लगेच परत नेईन.